वाढत्या अंगाचं माप

२ जून, रविवार

पोचले. पाय सुजलेत, कंबर धरलीय आणि माझी कात्री गेली. विमानतळावरच्या शिपायाने ती पिशवीतून उचलली आणि सरळ टोपलीत टाकली. बावीस वर्षांची कात्री! मी म्हटलं, अरे बाबा, मी शिंपीण आहे, विमान कापायला नाही निघाले. त्याला मराठी येत नव्हतं ते बरंच झालं. पुढे मी जे बोलले ते वहीत लिहिण्यासारखं नाही.

भाची घ्यायला आली होती. धाकट्या बहिणीची मुलगी ही. अनाथाश्रमांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत आहे, तीन वर्षं या देशात राहतेय. मार्चमध्ये मी दुकान बंद केलं तेव्हा हिचाच फोन आला. "मावशी, आता घरात बसून भिंतींना टाके घालणार आहेस का? दहा आठवडे इकडे ये. सव्वीस मुलं आहेत आणि एकाच्याही अंगावर धड कपडा नाही." मी नाहीच म्हणणार होते. तोंडातून हो कसं गेलं, देव जाणे.

वही तिनेच दिली. कामाची नोंद ठेव म्हणाली. ती ठेवीनच, पण मनात येईल तेही लिहीन. इथे मराठी वाचणाऱ्या आम्ही दोघीच, आणि तिला माझं अक्षर लागत नाही.

८ जून, शनिवार

आठवडाभर हात नुसते शिवशिवत होते. इमारत दोन मजली, कधीकाळी शाळा होती म्हणे. खाली स्वयंपाकघर आणि जेवायची खोली, वर दोन लांबच लांब खोल्या, एकीत मुली, एकीत मुलगे. गाद्या फाटलेल्या, खिडक्यांना पडद्यांच्या जागी वर्तमानपत्रं, आणि पाच जणांत एक टॉवेल. न्हाणीघराचे नळ बदलायला आणखी दोघे स्वयंसेवक आलेत, ते दिवसभर भिंत फोडत असतात. मला कोठीची खोली मिळाली. तिथे दोन मशिनं आहेत. मोटरच्या मशीनचा पट्टा तुटलाय. पायाच्या मशीनला तीन दिवस तेल पाजलं, तेव्हा कुठे ते बोलायला लागलं.

पण आज जे बघितलं त्याने माझं डोकंच फिरलं. शनिवारी आंघोळी झाल्या की जेवणाच्या टेबलावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग ओततात. सगळे दान आलेले. ज्याच्या हाताला जे लागेल ते त्याने आठवडाभर घालायचं आणि पुढच्या शनिवारी परत ढिगात टाकायचं. एकीने मुलाची पँट दोरीने बांधली होती, एकाच्या स्वेटरच्या बाह्या गुडघ्यापर्यंत लोंबत होत्या. स्वतःचं म्हणून कुणाचंच काही नाही.

मोठ्या बाई (आश्रमाच्या प्रमुख, साठीच्या, आवाज करवतीसारखा) म्हणाल्या, "असं केलं की भांडणं होत नाहीत."

मी म्हटलं, "भांडायला आधी स्वतःचं काहीतरी असावं लागतं."

भाचीने त्याचं भाषांतर केलं नाही. पण माझा बेत ठरला. प्रत्येकाला दोन जोड, त्याच्या मापाचे, त्याच्या नावाचे. गाद्यांच्या खोळी आणि पडदे त्यानंतर.

९ जून, रविवार

चिरंजीवांचा फोन आला. ते तिसऱ्याच देशात असतात. फोन बुधवारी यायचा होता, आज आला. कामं असतात माणसाला. काही मी वाट बघत बसले नव्हते.

निघण्यापूर्वी त्याला दोन शर्ट शिवून पाठवले होते. "छान आहेत गं आई, एकदम मस्त," म्हणाला. अंगात मात्र तोच जुना टी-शर्ट. घालून दाखव म्हटलं तर म्हणे धुवायला टाकलेत. दोन्ही? रंग आवडला नसेल, दुसरं काय. माप चुकणं तर शक्य नाही. ते मला तोंडपाठ आहे, गळा साडेचौदा, छाती छत्तीस. कॉलेजला गेला तेव्हा घेतलं होतं, आजवर टेप लावायची गरज पडली नाही. चार वर्षांत भेट नाही म्हणून काय आई माप विसरते?

१२ जून, बुधवार

सव्वीस मापं घेतली. उभ्या जन्मात एवढी हसले नसेन. यांना कुणी कधी टेप लावलेलीच नाही. एका गोलमटोल पोराने छाती एवढी फुगवली की श्वास सोडताना टेपच निसटली. मी त्याचं नाव रीळ ठेवलं. मला नावं लक्षात राहत नाहीत, म्हणून ज्याला जे शोभेल ते दिलंय. माझं नाव मात्र सगळ्यांनी एकमताने ठरवून टाकलं. भाची हाक मारते ते ऐकून सगळे मला "मावशी" म्हणतात. त्यांना वाटतं, ते माझं नावच आहे.

शेवटी एक मुलगी आली. सात वर्षांची, काटकुळी, ताठ, डोकं तेवढं मोठं. टाचणीच. पुढे येऊन थांबली आणि भाचीला म्हणाली, "माझं माप नको. मी जाणार आहे."

"कुठे जाणार गं?"

"बाबांकडे."

नंतर मोठ्या बाईंनी सांगितलं. आई नाही. बाप बंदरावर मासळीच्या कारखान्यात, इथून पुरत्या एका दिवसाच्या प्रवासावर. कामगारांच्या वसतिगृहात मुलं ठेवू देत नाहीत, म्हणून दोन वर्षांपूर्वी हिला इथे आणून सोडलं. खोली मिळाली की नेतो म्हणाला. तेव्हापासून चिठ्ठी येते कधीमधी, माणूस आलेला नाही. मी म्हटलं, बाप जिवंत असलेली मुलगी अनाथाश्रमात कशी? बाई म्हणाल्या, "इथे निम्म्यांना कुणी ना कुणी आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी भेटायला यायची मुभा असते. किती येतात ते बघालच."

टाचणीचं माप घेतलंच मी. तिने घेऊ दिलं, पण तोंड भिंतीकडे करून.

२० जून, गुरुवार

मुलींचे फ्रॉक झाले. निळ्यावर बारीक पांढरे ठिपके. प्रत्येकीच्या खिशावर तिने सांगितलेलं चित्र भरलं, म्हणजे ढिगात जायला नको. बदक, जहाज, चमचा (ही नक्कीच खादाड निघणार). टाचणी म्हणाली, चित्र नको. बरं, नको तर नको.

आज वाटले. मी टेबलाशी उभी राहून भाषणच ठोकलं. "हे बघा, खाली चुण्या दुमडून दोन टक्स घातलेत आणि चार इंच पट्टी आत दुमडलीय. उंची वाढली की एकेक उसवायचं. बाजूला शिवणीच्या आतही भरपूर दाब सोडलाय, जास्तीचं कापड. तीन वर्षं इथे दुसऱ्या फ्रॉककडे बघायला नको!" भाचीने सगळं भाषांतर करून सांगितलं. मुली गोल फिरून बघत होत्या, घेर उडत होता. माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू?

आई मला शिकवायची, पोराचं नेहमी वाढत्या अंगाचं शिवावं. अंगाबरोबर शिवून देणाऱ्या शिंप्याकडे आपल्याकडे कोण दुसऱ्यांदा जातं? तीस वर्षांत माझ्या दुकानातून एकही फ्रॉक दाबाशिवाय बाहेर गेला नाही.

टाचणी फिरली नाही. फ्रॉक उलटा करून पट्टी बघत राहिली. रंग आवडला नसावा.

२३ जून, रविवार

सगळी मुलं मैदानावर होती. मी कोठीत गेले तर टाचणीचा फ्रॉक मशीनखाली पडलेला. चार इंच पट्टी कापून टाकलेली! दोन्ही टक्सही गेले. माझीच नवी कात्री, आणि काठ असा की उंदराने कुरतडलाय. पट्ट्या गोळा करून कचऱ्याच्या डब्यात नीट भरून ठेवल्या होत्या. म्हणजे चुकून झालेलं नाही.

मी ओरडले. मराठीतच ओरडले, भाषांतराची गरज पडली नाही. बाईसाहेब ताठ उभ्या, डोळ्यात पाण्याचा टिपूस नाही. का केलंस, का केलंस, दहादा विचारलं. ताकास तूर लागू देईल तर शपथ.

रात्रंदिवस मर मर मरून शिवायचं ते याच्यासाठी? जाऊ दे. सात वर्षांच्या पोरीवर राग धरून मी काय मिळवणार?

२७ जून, गुरुवार

परवा दुसरी पट्टी जोडून दिली. हट्टाला हट्ट. आज तीही कापली. पण या वेळी खडूने रेघ मारून कापलीय, एका दमात, सुतात सरळ. रागवायला तोंड उघडलं आणि हसूच फुटलं. हात आहे हो पोरीला!

शिक्षा म्हणून रोज दुपारी तासभर बटणं निवडायला माझ्याजवळ बसवणार आहे.

रिळाची तऱ्हा उलटीच. त्याने नव्या पँटची आतली दुमड आजच उसवून टाकली. दोन्ही पाय पँटमध्ये बुडालेत, चालताना धडपडतो, पण विचारलं तर म्हणतो, मी मोठा झालो. एकाला आजच मोठं व्हायचंय, दुसरीला कपडा मोठा नको. मी कपाळाला हात लावला.

२ जुलै, मंगळवार

टाचणी वेळेआधी येते शिक्षा भोगायला. बटणं रंगाप्रमाणे नाही, भोकांप्रमाणे लावते, दोनची एकीकडे, चारची एकीकडे. मी एक, दोन, तीन म्हणत गेले, ती मागून. दहापर्यंत पाठ झालंय. "नको" आणि "आज" हेही उचललंय. "आज नको" असं दोन्ही जोडून वापरते, विशेषतः भाजी वाढताना.

आज सुईत दोरा ओवत होते. चष्मा असूनही जाईना. तिने माझ्या हातातून सुई घेतली, दोरा ओवला, गाठ मारली आणि परत दिली. मला उगाचच भरून आलं. दुकानात शेवटची काही वर्षं मी एकटीच दोरा ओवत होते.

तरी फ्रॉकचं तोंडातून काढत नाही. ढिगातलाच जुना झगा घालून फिरते.

७ जुलै, रविवार

भेटीचा दिवस. सव्वीस मुलांसाठी चार माणसं आली. एक आजी, दोघी बहिणी, कुणाचा तरी मामा.

टाचणी सकाळी सहापासून फाटकाजवळच्या बाकावर बसली होती. आणि तिच्या अंगात माझा फ्रॉक! तोच, कापलेला, खाली दोरे लोंबत असलेला. केस ओले करून चापून बसवले होते. मी हेलपाटे घातले, काही खायला नेलं. "नको." पाच वाजता फाटक बंद केलं तेव्हा ती उठली, आत आली, फ्रॉक काढून घडी केली आणि ढिगातला झगा घातला.

पडदे शिवत बसले. तीन पडदे उलटे शिवले, उद्या उसवायचे आहेत.

८ जुलै, सोमवार

आज भाचीला घेऊन बसले. म्हटलं, विचार तिला, रागवत नाही म्हणावं, मावशीला नुसतं समजून घ्यायचंय.

टाचणी खूप वेळ बटणं हलवत राहिली. मग म्हणाली, "मावशी म्हणाली, हा फ्रॉक इथे तीन वर्षं पुरेल."

"मग?"

"मी इथे तीन वर्षं नाही राहणार."

भाचीने सांगितलं आणि मला कुणीतरी फाडकन थोबाडीत मारल्यासारखं झालं. काय बोलून बसले मी त्या दिवशी, टेबलाशी उभी राहून, मोठ्या ऐटीत! पोरगी उलटी पट्टी बघत होती ती रंगासाठी नाही. प्रत्येक टक्समध्ये तिला एकेक वर्ष दिसत होतं, इथलं. तिने ते कापून डब्यात टाकलं, बस. आणि मी तिला कृतघ्न ठरवून मोकळी झाले होते. इथे लिहिलं नाही, पण मनात तोच शब्द होता.

तीस वर्षं कपडे शिवले. गिऱ्हाईक घरी राहतंय की जायला निघालंय, हे विचारायची वेळच कधी आली नव्हती.

१० जुलै, बुधवार

टाचणीला अंगाबरोबर फ्रॉक शिवला. आजच्या मापाचा.

लिहायला सोपं आहे. हात ऐकेनात! कापताना कात्री आपोआप दोन इंच खाली सरकायची. दोनदा खडूची रेघ पुसली. शेवटी टाचणीलाच समोर उभं केलं आणि तिच्या गुडघ्याला टेप लावून, देवाचं नाव घेऊन कापलं. शिवणीपुरता दाब, खाली काठ तेवढा दुमडला. आई असती तर म्हणाली असती, अगं कापड वाया घालवलंस, चार महिन्यांत तोकडा होईल. होऊ दे तोकडा.

तिने फ्रॉक उलटा केला. सगळ्या शिवणी बोटाने चाचपल्या. काठ उलगडून आत काही लपवलंय का तेही बघितलं. माझ्या कामाची एवढी कडक तपासणी कुठल्या नवरीच्या आईनेही केली नव्हती. मग अंगात घातला आणि एकदाच, अगदी छोटीशी, गिरकी घेतली.

"आज," म्हणाली.

"हो, आजचाच," मी म्हटलं.

मग खिशाकडे बोट दाखवलं. चित्र हवंय. कसलं? तिने खडूने जमिनीवर मासा काढला.

१६ जुलै, मंगळवार

मोठ्या बाई आणि माझी आज जुंपली. त्या कोठीत आल्या, टाचणीचा फ्रॉक उलटा करून बघितला आणि दार लावून घेतलं. भाची मध्ये उभी, बिचारीची पंचाईत.

"तुम्ही तिला निघायच्या तयारीचा कपडा शिवलात," बाई म्हणाल्या. "तो आला नाही तर?"

"आला तर?"

"दोन वर्षं मी हेच बघतेय. दर पहिल्या रविवारी ती केस ओले करते. तुम्ही दहा ऑगस्टला विमानात बसाल. अकरा तारखेला तिला मी बघायचं आहे."

खरंच आहे त्यांचं. आपण चार दिवस येतो, पडदे लावतो, पोरांना जीव लावतो आणि जातो. मी चुकले असेन तर ते निस्तरायला मी इथे नसणार. हे मला आधी कसं सुचलं नाही? भाची म्हणते, सगळ्याच स्वयंसेवकांना हे सातव्या आठवड्यात सुचतं.

पण बाई जाताना म्हणाल्या, "त्याला मी पत्र लिहिते. या महिन्यात ये म्हणून. याआधी तीन लिहिली आहेत." कपाटातल्या चांगल्या कागदावर लिहिलं त्यांनी, मी बघितलं. करवतीला दात असतात तसा लाकडाचा लळाही असतो म्हणायचा.

२८ जुलै, रविवार

गाद्यांच्या खोळी संपल्या. न्हाणीघरात गरम पाणी आलं. पोरं बाहेर यायलाच तयार नाहीत, रिळाला तर दोघांनी मिळून ओढून काढलं. शनिवारचा ढीग बंद झाला. काल जेवायच्या खोलीत पहिलं भांडण झालं, "हा माझा सदरा आहे" यावरून. मोठ्या बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, मी मुकाट्याने खिडकीबाहेर बघितलं.

चिरंजीव व्हिडिओवर दिसले. गालावर मांस चढल्यासारखं वाटतं, पण कॅमेऱ्यात सगळेच जाड दिसतात. शर्ट आजही नव्हता घातला. जाऊ दे, इथल्या निळ्या कापडातून तिसरा कापलाय, तेवढ्याच मापाचा. निळा त्याला लहानपणापासून आवडतो.

४ ऑगस्ट, रविवार

आला.

साडेअकराला आला. मी खिडकीतून बघितलं, फाटकात एक माणूस उभा, हातात कागदाचं पुडकं, आत यावं की नाही अशा विचारात. बाकावरून टाचणी उठली, पण पुढे गेली नाही. तिथेच ताठ उभी. तो इकडे तिकडे बघत होता. त्याची नजर तिच्यावरून एकदा पुढे गेली आणि मग परत आली. तेव्हा त्याने पुडकं बगलेत धरून हाताने मांडीजवळ उंची दाखवली, एवढीशी होती, असं काहीतरी म्हणाला. मग दोघंही रडायला लागली. मी पण. खिडकीतून रडण्याचा फायदा एवढाच की कुणी पाणी आणून देत नाही.

त्याच्यासाठी मनात शिव्यांची माळ तयार ठेवली होती. माझ्या चिरंजीवांच्या वयाचा निघाला. हात मिठाने सोलवटलेले, सदऱ्याची कॉलर झिजलेली. माळ मनातच राहिली.

पुडक्यात फ्रॉक होता. लाल, तयार घेतलेला, कमरेला फीत. पाच वर्षांच्या पोरीचा. टाचणीने तिथल्या तिथे, माझ्या निळ्या फ्रॉकवरूनच तो डोक्यातून घातला. खांद्यात अडकला. हात वर तसेच, तोंड आत. आतून आवाज येत होता, भाचीने सांगितलं, ती म्हणतेय, "होतोय, होतोय." ओढून ओढून काखेत शिवण टरकली तरी म्हणतेय, होतोय. बापाने तोंड फिरवलं.

मी तिला सोडवलं आणि दोघांना कोठीत घेऊन आले. तयार कपड्यात दाब असतो कुठला, आत दोरा पकडेल एवढंच कापड. दोन्ही बाजू उसवल्या, पडद्याच्या उरलेल्या पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या घातल्या, खाली झालर लावली. तो स्टुलावर बसून बघत होता, ती त्याच्या गुडघ्याला टेकून. हात कामात असले की मला तोंड आवरत नाही. मी भाचीला म्हटलं, "सांग त्याला, मुलं वाढतात म्हणावं! दोन वर्षांपूर्वीचं माप डोक्यात धरून बसायचं आणि तेच आणायचं? डोळ्यांनी बघितल्याशिवाय माप कळतं का माणसाला?"

भाची माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मावशी, राहू दे ना."

तिला त्याची दया आली असणार. मलाही आली होती, म्हणून गप्प बसले.

मग त्यानेच सांगितलं. खोली अजून नाही. मुकादमाने नाव यादीत घातलंय, पण कुटुंबाच्या खोल्या कमी आहेत. आज तो रिकाम्या हाताने परत जाणार. रिकाम्या हाताने यायची लाज वाटत होती म्हणूनच दोन वर्षं आला नाही, बाईंचं पत्र मिळालं आणि निघाला. टाचणी ऐकत होती. लाल फ्रॉकची फीत बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, गुंडाळत होती.

मला काहीच करता येण्यासारखं नव्हतं, म्हणून जे येतं ते केलं. टेप काढली. म्हटलं, हिचं माप कागदावर लिहून देते, पुढच्या वेळी बरोबर आणा. छाती घेतली, खांदा, उंची. लिहायला लागले तर टाचणीने पेन्सिल धरली.

"मावशी, आज नको."

आणि पुढचं भाचीला तिच्या भाषेत म्हणाली. भाचीला सांगायला जरा वेळ लागला. "ती म्हणतेय, आजचं लिहू नको. बाबा न्यायला येतील तेव्हाचं लिही."

त्या लेकराने माझे टक्स कापून टाकले होते, आणि आज स्वतःच पुढचं माप मागत होती. धंद्यात एक शिकलेय, गिऱ्हाईक अडलं की आपण सरळ विचारायचं.

मी त्याच्याकडे वळले. "केव्हाचं लिहू?"

भाचीने विचारलं.

तो जमिनीकडे बघत होता. मी पेन्सिल कागदावर टेकवून बसले. म्हटलं, "घाई नाही. पण तारीख कळल्याशिवाय मला माप काढता येत नाही. एक वर्ष म्हणजे वेगळं, दोन म्हणजे वेगळं. सांगाल त्याप्रमाणे लिहिते."

त्याने मनातल्या मनात काहीतरी हिशेब केला. ओठ हलत होते. मग टाचणीकडे बघितलं, या खेपेला नीट, डोक्यापासून पायापर्यंत, आणि म्हणाला, "आठ महिने."

आठ महिन्यांत सात वर्षांची पोर उंचीला दीड इंच वाढते, छातीला अर्धा. तेवढंच धरलं. हात वर सरकत होता, आदत से मजबूर म्हणतात तसं, पण सरकू दिला नाही. एक सूतही जास्त नाही लिहिलं. खाली महिन्याचं नाव घातलं, ते भाचीने त्यांच्या अक्षरात लिहिलं.

कागद त्याच्या हातात दिला पण सोडला नाही. म्हटलं, "आता हे नीट सांग त्याला. मी यात दाब सोडलेला नाही. उशीर केलात तर फ्रॉक होणार नाही."

भाचीने सांगितलं. त्याने दोनदा मान हलवली. मग मी कागद सोडला. त्याने घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला, वरून बटण लावलं.

टाचणीने माझ्यासमोर आठ बोटं धरली. "मावशी, आठ?"

"हो गं बाळा," मी म्हटलं, "आठ." आणि इस्त्री तापली होती म्हणून लाल फ्रॉक इस्त्री करायला घेतला, त्याची गाडी पाचची होती आणि त्याला तो तिच्या अंगावर बघून जायचं होतं.